पान गळते कसे?

पौष सरून माघ लागला म्हणजे सातपुड्याच्या कुशीत पसरलेल्या मेळघाटच्या सागवनांचे रूप पालटू लागते. पावसाळ्यात ज्या वाटांवर भर दुपारीही दाट सावली असे, त्या वाटांवर आता लख्ख ऊन पडते. सागाची हातभर लांबीची खरखरीत पाने एकामागून एक खाली येतात आणि वाटसरूच्या पायाखाली कुरकुरू लागतात. काटेसावर, पळस, पांगारा यांच्याही फांद्या हळूहळू उघड्या पडतात. फाल्गुन उजाडेपर्यंत तर असा भास होतो की, या वनातील जीवनच संपले. त्या वेळी तेथे आलेल्या परक्या माणसाला यांपैकी कोणते झाड जिवंत आहे आणि कोणते वठलेले आहे, हे चटकन ओळखता येणार नाही.

परंतु ते ओळखण्याची एक साधी खूण आहे. वादळात मोडून झाडावरच लोंबकळत राहिलेली एखादी फांदी पाहावी. तिची पाने वाळतात, तपकिरी होतात, चुरगळतात. पण ती गळत नाहीत. वारा सुटला की नुसती खडखडतात आणि कित्येक आठवडे त्या मोडक्या फांदीला चिकटून राहतात. लग्नाच्या मांडवाला बांधलेल्या आंब्याच्या टहाळ्यांचेही असेच होते. मांडव उतरवण्याची वेळ येते, पाने वाळून कोळ होतात, तरी ती देठाशी घट्टच असतात. उलट, जिवंत झाडाची पिकलेली पाने साध्या झुळुकीनेही अलगद सुटतात.

या दोन गोष्टी शेजारी ठेवून पाहिल्या म्हणजे एक आश्चर्यकारक निष्कर्ष निघतो. पान मेले म्हणून गळत नाही. झाड जिवंत असते म्हणून पान गळते. मेलेल्या फांदीला आपले पान टाकून देण्याचे सामर्थ्य उरलेले नसते. पानगळ ही वरवर पाहता मरणाची कळा वाटली, तरी वस्तुतः ती झाडाने विचारपूर्वक केल्यासारखी वाटावी इतकी नेमकी, जिवंत क्रिया आहे. झाडाला मेंदू नाही, मज्जातंतू नाहीत, जीभ नाही. मग 'आता हे पान सोड' हा निरोप कोण देते, कोणाला देते आणि तो पाळला कसा जातो? या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी शास्त्रज्ञांना शंभराहून अधिक वर्षे खपावे लागले आहे.

प्रथम झाड पाने का टाकते, ते पाहू. पान हे झाडाचे स्वयंपाकघर होय. सूर्यप्रकाशाच्या साहाय्याने हवेतील कार्बन डायऑक्साइड आणि मुळांनी आणलेले पाणी यांपासून पानात अन्न तयार होते. हवा आत घेण्यासाठी पानाला असंख्य सूक्ष्म छिद्रे असतात. त्यांना पर्णरंध्रे म्हणतात. ही रंध्रे उघडली की हवा आत येते, पण त्याच वाटेने पाण्याची वाफही बाहेर निसटते. मुळांनी शोषलेल्या पाण्याच्या शंभर भागांपैकी नव्वदांहून अधिक भाग अशा रीतीने हवेत उडून जातो. जमिनीत ओल असते तोवर हा खर्च झाडाला परवडतो. परंतु महाराष्ट्रात मुख्य पाऊस जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो आणि पुढचे आठ महिने बव्हंशी कोरडे जातात. जमिनीतील ओल आटत चालली असता शेकडो मोठाली पाने अंगावर वागवणे म्हणजे फुटक्या घागरीने पाणी वाहण्यासारखे होय. म्हणून सागासारखी झाडे पानांचा संसारच आवरून घेतात. थंड देशांतील झाडांपुढे अडचण असते ती निराळी. तेथे हिवाळ्यात जमीन गोठते, सूर्यप्रकाश क्षीण होतो आणि पानांचे कामच थांबते. शरद ऋतूत दिवस लहान होत चालले की तीच सूचना समजून तेथील झाडे पाने टाकण्याच्या तयारीला लागतात.

ही तयारी मोठी काटकसरीची असते. दुष्काळामुळे गाव सोडून निघालेले कुटुंब जसे घरातील धान्य, भांडी आणि मौल्यवान वस्तू बांधून बरोबर घेते, तसे झाडही पान सोडण्यापूर्वी त्यातील नायट्रोजन, फॉस्फरस इत्यादी मोलाची द्रव्ये काढून घेऊन फांद्यांत व खोडात साठवते. पानाला हिरवेपणा देणारे हरितद्रव्य या वेळी मोडले जाते. हिरवा रंग ओसरला म्हणजे पानात आरंभापासून असलेली, पण हिरव्या रंगाखाली झाकून गेलेली पिवळी रंगद्रव्ये दिसू लागतात. पिंपळाचे पान गळण्यापूर्वी पिवळे दिसते, त्याचे कारण हेच. पिवळे पडलेले पान म्हणजे जवळजवळ रिकामे केलेले घर असते.

आता ते पान सुटते कोठून, हे पाहिले पाहिजे. गळून पडलेली कोणतीही चार पाने उचलून त्यांच्या देठांची टोके न्याहाळावीत. ती कोठेही फाटलेली किंवा चिंधाटलेली दिसत नाहीत. धारदार सुरीने कापावीत तशी ती स्वच्छ असतात. झाडावरचे हिरवे पान हाताने ओढून तोडले, तर मात्र देठाबरोबर पुष्कळदा सालीचा तुकडा निघतो. यावरून हे स्पष्ट होते की, पान सुटण्याची जागा आधीच ठरलेली असते. देठ जेथे फांदीला मिळतो, तेथे पान लहान असतानाच लहान लहान पेशींचे काही आडवे थर तयार झालेले असतात. त्यांना विलगस्तर असे म्हणता येईल. पोस्टाच्या तिकिटांच्या ताव्यावर जशा टिंबटिंब छिद्रांच्या रेषा असतात, आणि त्या रेषेवरच तिकीट फाटते, तसाच हा प्रकार होय. पान महिनोन् महिने फांदीवर डोलत असते, वादळे सोसते, पावसाचा मारा खाते. तरी त्याच्या देठाशी सुटण्याची रेषा पहिल्यापासून आखलेली असते. फक्त ती रेषा उघडण्याची आज्ञा आलेली नसते.

ती आज्ञा येण्याचे कोण थांबवते? याचा माग एका अगदी साध्या प्रयोगाने लागतो आणि तो विद्यार्थ्यांनाही करून पाहता येईल. बागेत किंवा कुंडीत शोभेसाठी लावलेले रंगीबेरंगी पानांचे कोलियस नावाचे झुडूप घ्यावे. त्याच्या एका सशक्त पानाचा रुंद, पसरट भाग कात्रीने कापून टाकावा आणि नुसता देठ फांदीवर राहू द्यावा. या पसरट भागाला पर्णपत्र म्हणतात. शेजारचे दुसरे पान तसेच अखंड ठेवावे. थोड्याच दिवसांत पर्णपत्र नसलेला तो देठ आपोआप गळून पडतो. अखंड पान मात्र जागच्या जागी राहते. देठाला तर कोणी हात लावलेला नव्हता. मग तो का गळाला? याचा अर्थ असा की, पर्णपत्र आपल्या देठाकडे सतत काहीतरी पाठवीत असते आणि जोवर ते येत असते, तोवर देठ सुटत नाही. ते येणे थांबले की विलगस्तर जागा होतो.

हे 'काहीतरी' काय असावे, याचा उलगडा निराळ्याच वाटेने झाला. खिडकीत ठेवलेले रोपटे उजेडाकडे का वाकते, या प्रश्नाने थोर निसर्गशास्त्रज्ञ चार्ल्स डार्विन यांना उतारवयात झपाटले होते. त्यांनी आपल्या फ्रान्सिस या पुत्राच्या साहाय्याने कोवळ्या अंकुरांवर अनेक प्रयोग केले आणि १८८० साली असे प्रतिपादन केले की, प्रकाशाची जाणीव अंकुराच्या शेंड्याला होते आणि तेथून काही प्रभाव खाली उतरून अंकुर वाकवतो. पुढे १९२६ साली हॉलंडमधील युट्रेख्ट येथे फ्रिट्स वेंट या तरुण शास्त्रज्ञांनी तो प्रभाव जणू हातात पकडून दाखवला. त्यांनी ओटच्या अंकुरांचे शेंडे कापून ते अगार या जेलीसारख्या पदार्थाच्या तुकड्यावर काही वेळ ठेवले. नंतर शेंडे काढून टाकले आणि नुसता तो जेलीचा तुकडा शेंडा नसलेल्या अंकुराच्या एका कडेवर ठेवला. अंकुराची ती बाजू वेगाने वाढली आणि अंकुर दुसऱ्या बाजूला वाकला. शेंड्यातून जेलीत उतरलेले एखादे द्रव्यच हे कार्य करीत होते, यात आता संशय उरला नाही. 'वाढणे' या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून त्या द्रव्याला ऑक्झिन असे नाव मिळाले.

शरीराच्या एका भागात तयार होऊन दुसऱ्या भागाला कार्याची प्रेरणा देणाऱ्या अशा द्रव्यांना संप्रेरके म्हणतात. माणसाच्या शरीरात ती रक्तावाटे सर्वत्र पोहोचतात. वनस्पतींत ती पेशीकडून पेशीकडे किंवा रसवाहिन्यांतून प्रवास करतात. त्यांचे प्रमाण अत्यल्प असते, पण परिणाम मोठा असतो. शाळेच्या घंटेचा एक टोला सर्व वर्गांना हालवून सोडतो, तसेच हे आहे.

१९३६ साली अमेरिकन वनस्पतिशास्त्रज्ञ कार्ल ला रू यांनी कोलियसच्या देठावर या ऑक्झिनची परीक्षा घेतली. त्यांनी पर्णपत्रे कापून टाकली आणि उघड्या पडलेल्या देठांच्या टोकांना ऑक्झिन लावले. नुसते देठ लवकरच गळाले. परंतु ऑक्झिन लावलेले देठ पुष्कळ काळ टिकून राहिले. पान नसूनही देठाला जणू पान असल्यासारखे वाटले! कोवळे, निरोगी पान ऑक्झिन तयार करून देठातून खाली पाठवीत असते. 'मी आहे, मी काम करीत आहे' हाच तो निरोप. पान म्हातारे झाले, त्याला रोग झाला, त्याच्यावर दाट सावली पडली किंवा पाणी मिळेनासे झाले, म्हणजे हा प्रवाह मंदावतो. परंतु निरोप थांबल्याने देठ सुटण्याची मुभा मिळाली, तरी कुलूप उघडण्यास किल्लीही लागते. ती किल्ली शोधून काढण्याचा इतिहास याहूनही मनोरंजक आहे.

एकोणिसाव्या शतकात युरोपातील शहरांच्या रस्त्यांवर दगडी कोळशापासून काढलेल्या वायूचे दिवे जळत. हा वायू जमिनीखालून घातलेल्या नळांतून खेळवलेला असे. जेथे हे नळ गळत, तेथे आजूबाजूच्या झाडांची पाने ऐन बहरात अकाली झडून जातात, असे लोकांच्या ध्यानात आले. १८६४ सालीच याविषयी लेखी नोंद झालेली आहे. वायूतील कोणता घटक हा उत्पात करतो, हे मात्र कोणाला सांगता येत नव्हते. पुढे रशियातील सेंट पीटर्सबर्ग येथे दिमित्री नेल्युबोव हे शास्त्रज्ञ वाटाण्याच्या रोपांवर काम करीत होते. प्रयोगशाळेतील अंधाऱ्या जागेत वाढणारी त्यांची रोपे सरळ वर न जाता आडवी वाढू लागली; बाहेरची शुद्ध हवा मिळालेली रोपे मात्र सरळ उभी राहिली. दोष बियाण्याचा नव्हता, मातीचाही नव्हता. तो प्रयोगशाळेच्या हवेचा होता. दिव्याच्या वायूतील एकेक घटक तपासत ते अखेर एका रंगहीन वायूपाशी येऊन पोहोचले आणि १९०१ साली त्यांनी आपला शोध प्रसिद्ध केला. तो वायू म्हणजे एथिलीन. कार्बनचे दोन आणि हायड्रोजनचे चार अणू, एवढीच त्याची साधी रचना. हवेच्या दहा लक्ष भागांत त्याचा एखादाच भाग असला, तरी अनेक वनस्पतींवर त्याचा परिणाम होतो.

तोपर्यंत एथिलीन हा बाहेरून येणारा उपद्रवी वायू आहे, असेच सर्वांना वाटत होते. परंतु १९३४ साली इंग्लंडमधील रिचर्ड गेन यांनी रासायनिक परीक्षणाने असे दाखवून दिले की, पिकणारी सफरचंदे स्वतःच एथिलीन निर्माण करतात. शत्रू समजलेला पाहुणा घरातलाच निघाला! वनस्पती आपल्या सर्व अवयवांत थोड्याफार प्रमाणात हा वायू तयार करतात. फळ पिकताना, पान जून होताना किंवा वनस्पतीला इजा झाली असता त्याचे प्रमाण वाढते. आंब्याच्या अढीत एक आंबा पिकला की शेजारचेही भराभर पिकू लागतात, ते पिकलेल्या आंब्यातून निघणाऱ्या आणि गवतात कोंडून राहणाऱ्या याच वायूमुळे. बंद काचपात्रात एखादी हिरवी डहाळी आणि तिच्याजवळ पिकलेली सफरचंदे ठेवली, तर पुष्कळ वनस्पतींच्या डहाळ्यांची पाने नेहमीपेक्षा लवकर गळतात. एकाच वायूने फळ पिकते आणि पान सुटते.

ऑक्झिन आणि एथिलीन या दोहोंचा संबंध आता ध्यानात येईल. पानाकडून ऑक्झिनचा पुरवठा भरपूर होत असेल, तर विलगस्तरातील पेशी एथिलीनकडे फारसे लक्ष देत नाहीत. तो पुरवठा घटला म्हणजे त्याच पेशी एथिलीनला प्रतिसाद देऊ लागतात. शिवाय एथिलीन वाढले की देठातून होणारी ऑक्झिनची वाहतूकही मंदावते. त्यामुळे एकदा पारडे झुकू लागले की ते झुकतच जाते. पान राहणार की जाणार, हे एकट्या ऑक्झिनवर किंवा एकट्या एथिलीनवर ठरत नाही. ते या दोहोंच्या तोलावर ठरते.

आज्ञा मिळाल्यावर विलगस्तरात जे घडते, ते पाहण्यास सूक्ष्मदर्शक हवा. वनस्पतीच्या पेशींच्या भिंती मुख्यतः सेल्युलोज नावाच्या द्रव्याच्या असतात. कापसाचा धागा म्हणजे जवळजवळ शुद्ध सेल्युलोजच होय. शेजारशेजारच्या दोन पेशींना सांधणारा पदार्थ म्हणजे पेक्टिन. पेरूची जेली घट्ट होते, ती याच पेक्टिनमुळे. सेल्युलोजच्या विटा आणि पेक्टिनचा चुना, अशी ही बांधणी असते. एथिलीनचा निरोप पोहोचताच विलगस्तरातील पेशी विशिष्ट विकरे तयार करू लागतात. काही विकरे पेक्टिन विरघळवतात, काही सेल्युलोज सैल करतात. ही विकरे त्या पेशी स्वतः घडवतात. म्हणूनच त्यासाठी त्या जिवंत असाव्या लागतात. मोडक्या फांदीवरील किंवा मांडवाच्या टहाळ्यावरील पाने का गळत नाहीत, याचे उत्तर येथे मिळते. त्या पेशी काम पुरे होण्यापूर्वीच सुकून मेलेल्या असतात.

सांधा असा विरत गेला की पान केवळ रसवाहिन्यांच्या काही धाग्यांवर लोंबत राहते. मग वाऱ्याची झुळूक, दवाचा थेंब किंवा पानाचे स्वतःचे वजनही पुरेसे होते. पान सुटते. परंतु झाडाचे काम तेथेच संपत नाही. फांदीवर उघडी जखम राहिली, तर तेथून पाणी वाया जाईल आणि बुरशी व जंतू आत शिरतील. म्हणून विलगस्तराच्या आतल्या बाजूस बुचासारखा, पाणी न झिरपू देणारा एक संरक्षक थर तयार होतो आणि जखम झाकली जाते. पानगळीनंतर फांदीवर जे वण दिसतात, ते या भरून आलेल्या जखमांचे. बारकाईने पाहिल्यास त्या वणात लहान लहान ठिपके दिसतात. पूर्वी तेथून रसवाहिन्या पानात जात असत. आणि त्या वणाच्या नेमकी वर, पुष्कळदा एक इवलीशी कळी बसलेली आढळते. पुढच्या हंगामाच्या पालवीची ती सोय जुने पान गळण्यापूर्वीच झालेली असते.

विज्ञानाच्या वाटेवर चुकाही होतात आणि त्या सुधारल्याही जातात, याचे एक चांगले उदाहरण या विषयात आहे. १९६३ साली कॅलिफोर्नियातील फ्रेडरिक ॲडिकॉट यांच्या गटाला कपाशीच्या कोवळ्या बोंडांत गळ घडवून आणणारे एक द्रव्य सापडले. त्याच सुमारास वेल्समध्ये फिलिप वेअरिंग आणि त्यांचे सहकारी झाडांच्या कळ्या हिवाळ्यात निद्रिस्त का होतात, याचा शोध घेत होते. त्यांनाही झाडाच्या पानांत एक द्रव्य मिळाले. १९६५ साली ही दोन्ही द्रव्ये एकच आहेत असे सिद्ध झाले आणि पुढे पानगळीचे द्रव्य या अर्थाने त्याला ॲब्सिसिक आम्ल असे नाव देण्यात आले. परंतु पुढील संशोधनात असे दिसून आले की, बहुतेक वनस्पतींत पान सोडवण्याची मुख्य आज्ञा एथिलीनचीच असते. ॲब्सिसिक आम्लाचे खरे महत्त्वाचे कार्य निराळे आहे. पाण्याची टंचाई जाणवली की हे आम्ल पर्णरंध्रे बंद करवते आणि बीज व कळ्या यांना योग्य काळ येईपर्यंत निद्रिस्त ठेवते. नाव मात्र जुनेच राहिले.

पानगळ ही फक्त सागासारख्या वृक्षांची रीत आहे, असे समजू नये. आंबा, फणस, वड हे वृक्ष वर्षभर हिरवे दिसतात. पण त्यांच्याखाली रोज झाडावे लागते, हे कोणत्याही अंगणाला ठाऊक आहे. त्यांची जुनी पाने थोडी थोडी गळत असतात आणि नवी येत असतात, म्हणून झाड कधी रिते दिसत नाही. तसेच विलगस्तर केवळ पानांनाच असतो असेही नाही. फुले, कोवळी फळे यांनाही तो असतो, आणि तेथेही हीच संप्रेरके काम करतात. या ठिकाणी हा विषय अरण्यातून शेतात येतो.

विदर्भ, मराठवाडा आणि खानदेश येथील कपाशी पिकवणाऱ्या घरांत 'पातेगळ' हा शब्द चिंतेचा आहे. कपाशीच्या फुलाच्या कळीला पाते म्हणतात. पात्याचे फूल होते, फुलाचे बोंड होते आणि बोंडात कापूस येतो. झाडावर आलेल्या पात्या-बोंडांपैकी निम्म्याहून अधिक गळून जाणे ही नेहमीची गोष्ट आहे. जेवढी पोसणे शक्य आहे तेवढीच झाड ठेवते. परंतु आभाळ बरेच दिवस ढगाळ राहिले, शेतात पाणी साचले किंवा उलट पावसाने फार ताण दिला, की ही गळ प्रमाणाबाहेर वाढते. उजेडाअभावी अन्न कमी पडते, पाण्यात बुडालेली मुळे गुदमरतात, झाडातील एथिलीन वाढते आणि सांधे सुटू लागतात. सकाळी सऱ्यांमधून पिवळी पाती पडलेली पाहणाऱ्या शेतकऱ्याच्या दृष्टीने ती नुसती पाती नसतात. वर्षाचा घरखर्च, मुलांची शाळा आणि डोक्यावरचे कर्ज त्यांत गुंतलेले असते.

संप्रेरकांच्या ज्ञानाचा येथे उपयोग होतो. १९३९ साली अमेरिकेतील संशोधकांना असे आढळले की, नॅफ्थॅलिन ॲसेटिक आम्ल या कृत्रिम ऑक्झिनचे अतिशय सौम्य द्रावण सफरचंदाच्या झाडांवर फवारले, तर काढणीपूर्वी होणारी फळगळ थांबवता येते. हेच द्रव्य आज कपाशीची पातेगळ आणि आंब्याची फळगळ कमी करण्यासाठी वापरले जाते. बाहेरून मिळालेले ऑक्झिन 'अजून सोडू नको' असा निरोप पोहोचवते. मात्र साचलेले पाणी काढून दिल्यावाचून किंवा झाडाला पोषण मिळाल्यावाचून नुसत्या फवारणीने काम भागत नाही. शिवाय येथे प्रमाणाला फार महत्त्व आहे. ऑक्झिन अधिक झाले, तर त्याच्याच प्रभावाने झाडात एथिलीन वाढते आणि गळ थांबण्याऐवजी वाढण्याचा धोका असतो. 'टू-फोर-डी' हे तणनाशकही एक कृत्रिम ऑक्झिनच आहे. ते फवारलेला पंप स्वच्छ न धुता कपाशीवर वापरला, तर कपाशीची पाने वेडीवाकडी होतात आणि पीक हातचे जाऊ शकते.

या ज्ञानाचा याहून फार मोठा दुरुपयोग जगाने पाहिला आहे. आर्थर गॅल्स्टन हे अमेरिकन वनस्पतिशास्त्रज्ञ विद्यार्थी असताना सोयाबीनला लवकर फुले यावीत यासाठी संशोधन करीत होते. ऑक्झिनचा प्रवाह अडवणारे एक रसायन त्यांनी वापरले. ते अल्प प्रमाणात दिले असता फुले अधिक आली. पण प्रमाण वाढवताच झाडांची पाने गळून पडली. १९४३ साली त्यांनी आपल्या प्रबंधात ही गोष्ट प्रामाणिकपणे नोंदवली. पुढे लष्करी संशोधकांनी पाने झडवणाऱ्या रसायनांच्या शोधात असताना त्यांच्या कामाचाही आधार घेतला. १९६२ ते १९७१ या काळात व्हिएतनामच्या युद्धात अमेरिकी सैन्याने विमानांतून सात कोटी लिटरहून अधिक वनस्पतिनाशके फवारली. शत्रूला लपण्यास आडोसा मिळू नये, हा हेतू होता. त्यांत सर्वांत अधिक वापरले गेलेले मिश्रण दोन कृत्रिम ऑक्झिनांचे होते. अरण्ये आणि किनाऱ्यावरील खारफुटी उजाड झाली. त्या मिश्रणात डायऑक्सिन नावाचे जहाल विषही मिसळलेले होते. त्याच्या दुष्परिणामांनी तेथील माणसांना युद्ध संपल्यावरही ग्रासले.

गॅल्स्टन यांनी ती फवारणी केली नव्हती, तसा आदेशही दिला नव्हता. तरीही आपल्या विद्येचा धागा तेथवर पोहोचला, ही जाणीव त्यांना स्वस्थ बसू देईना. त्यांनी इतर शास्त्रज्ञांना बरोबर घेऊन या फवारणीविरुद्ध सतत आवाज उठवला, शासनापुढे पुरावे मांडले आणि अखेर ती थांबवण्याच्या कार्यात मोलाचा वाटा उचलला. पुढील आयुष्यात विज्ञानाच्या विद्यार्थ्यांना नीतीचा विचार शिकवणे, हेही त्यांनी आपले कर्तव्य मानले.

मेळघाटच्या वनात मात्र झाडे आपला तोल स्वतःच सांभाळत असतात. गळलेली पाने वाळवी, गांडुळे आणि बुरशी यांच्या साहाय्याने कुजून मातीत मिसळतात आणि पानांत उरलेली द्रव्ये मुळांना परत मिळतात. फाल्गुनात पळसाच्या निष्पर्ण फांद्या केशरी फुलांनी भरून जातात. ज्येष्ठात पहिला पाऊस झाला की सागाच्या जुन्या वणांवरच्या कळ्या फुगतात, उमलतात आणि कोवळी पाने बाहेर येतात. ती वाढू लागताच त्यांच्यातून ऑक्झिनचा प्रवाह देठाकडे वाहू लागतो. आणि देठाशी आखलेली ती रेषा पुन्हा काही महिन्यांसाठी मिटून राहते.